खुराड्यात दिवा लावण्यापूर्वी

डिसेंबरच्या पालक-शिक्षक सभेत नेहमीचे विषय संपले. दहावीचे जादा तास झाले, स्नेहसंमेलनाची वर्गणी झाली, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती झाली. मग ‘आयत्या वेळचे विषय’ पुकारले गेले आणि मागच्या बाकावरून एका पालकांनी विचारले, “त्या कोंबड्यांचं काय करायचं?” सभागृहात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

शाळेच्या मागच्या अंगणात आज चौदा कोंबड्या आहेत. त्यांतल्या पाच जुन्या, तर नऊ यंदाच्या. चौदा जणींना मिळून रोज दीड किलोच्या आसपास खाद्य लागते. जुन्या कोंबड्यांनी दसऱ्याची सुट्टी संपता संपता अंडी देणे थांबवले, ते अजून सुरू केलेले नाही. नव्या कोंबड्यांपैकी एकीनेही अजून पहिले अंडे दिलेले नाही. अंड्यांच्या विक्रीतून उरलेल्या पैशांत आपण दर जूनमध्ये काही मुलांना वह्या देतो. ही मुले कोण, हे आपण कधी सांगत नाही आणि सांगणारही नाही. परंतु यंदा तो डबा रिकामा आहे, हे सांगणे भाग आहे.

सभेत दोन उपाय सुचले. विजेच्या सामानाचे दुकान असलेल्या एका पालकांनी दोन मोठे हॅलोजन दिवे फुकट देऊ केले. कोंबड्यांना सोळा तास उजेड मिळाला की त्या अंडी देतात, असे त्यांनी वाचले होते, आणि त्यांनी वाचले ते खोटे नाही. विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे वेगळे होते. अंडी न देणाऱ्या कोंबड्या पोसण्यापेक्षा त्या विकाव्यात आणि आलेले पैसे वह्यांच्या निधीत टाकावेत, असे ते म्हणाले. दोन्ही सूचनांमागे शाळेविषयीची आपुलकीच आहे. निर्णय फेब्रुवारीच्या सभेवर ढकलला गेला आहे. त्याआधी आमचे म्हणणे मांडावे म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे परसबाग पाहणारे दोन शिक्षक आणि आठवी-नववीची अकरा मुले-मुली. आमचे मत आधीच सांगून टाकतो: दिवे आत्ता लावू नयेत, कोंबड्या आत्ता विकू नयेत, आणि खुराड्याचे दार मात्र लगेच बदलावे. असे का, ते सविस्तर सांगतो.

पहिला प्रश्न वयाचा. अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबडीला आपल्याकडे ‘तलंग’ म्हणतात. हा शब्द आमच्या वर्गातील बहुतेक मुलांना ठाऊक नव्हता. तो त्यांना आज्यांनी सांगितला. त्याच ओघात अंडी उबवायला बसू पाहणारी ‘खुडूक’, तिला अंड्यांवर बसवायचे ते ‘रवण’, आणि पिल्ले झाकायचे ‘डालगे’ हेही शब्द घरोघरी पुन्हा बोलले गेले. मराठी शाळा चालवण्याचा हाही एक फायदाच म्हणायचा.

तर तलंग पहिले अंडे केव्हा देते? याला एकच उत्तर नाही, ते जातीवर अवलंबून आहे. मोठ्या पोल्ट्रीतली पांढरी लेगहॉर्न साडेचार-पाच महिन्यांत अंड्यावर येते. आपल्याकडे खेडोपाडी दिसणारी गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली जात. तिला साधारण साडेपाच ते सहा महिने लागतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजाही त्याच सुमारास येते. अस्सल गावरान कोंबडी सहा ते आठ महिने घेते आणि त्याबद्दल कोणाची माफी मागत नाही. आमच्या नऊ तलंगांत सहा गिरिराज आणि तीन गावरान आहेत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या एक दिवसाची पिल्ले म्हणून आल्या. म्हणजे या जानेवारीत त्यांना सहा महिने पूर्ण होत आहेत. गिरिराज आता केव्हाही सुरू व्हाव्यात. गावरान तिघींना मार्च उजाडला तरी तो उशीर म्हणता येणार नाही. शेजारच्या पोल्ट्रीशी तुलना करून त्यांना आळशी ठरवणे योग्य नाही. (येथे मुलांच्या मार्कांची आठवण होते, पण तो मोह आवरतो. कोंबड्यांविषयीच बोलू.)

तलंग तयार झाली की नाही हे कॅलेंडरापेक्षा तिच्याकडे पाहून अधिक कळते. तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्या मोठ्या व लालभडक होतात. ती कोपरे हुंगत फिरते, पेंढ्यात बसून पाहते. पाठीवर हात ठेवला की पळून न जाता पंख किंचित पसरून खाली बसते. शेपटीखालची दोन हाडे आधी जवळजवळ चिकटलेली असतात. अंड्यावर येताना त्यांच्यात दोन-तीन बोटे मावतील एवढे अंतर पडते. आमच्या मुलींनी नऊ तलंगांची अशी तपासणी केली. चार गिरिराजांचे तुरे लाल झाले आहेत आणि त्यांतल्या दोघी हात लावताच बसतात. म्हणजे घोडे अगदीच पेंड खात नाही.

आता उजेडाकडे येऊ. कोंबडीच्या शरीरात अंडे तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास नुसत्या कवचाचे काम चालते. म्हणून दिवसाला एकाहून अधिक अंडे मिळण्याची आशा कोणी करू नये. पण हे काम सुरू करावे की नाही, याचा हुकूम मेंदूकडून येतो, आणि मेंदू तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. दिवस मोठा होत चालला म्हणजे पिल्लांना चारा-किडे मिळण्याचे दिवस आले, हा पक्ष्यांचा फार जुना हिशेब आहे. विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात कॅनडातील एडमंटन येथे, ऐन थंडीत, पिंजऱ्यातल्या छोट्या रानपक्ष्यांना विजेच्या दिव्याचा उजेड रोज थोडाथोडा वाढवत दिला. बाहेर बर्फ असताना त्या पक्ष्यांच्या शरीरात वसंत ऋतूतले बदल झाले. पुढे १९३० च्या दशकात फ्रान्समधील जाक बेन्वा यांनी बदकांवरील प्रयोगांतून दाखवले की हा उजेड केवळ डोळ्यांवाटे नव्हे, तर कवटीतून झिरपून थेट मेंदूपर्यंतही पोचतो. कोंबडीचेही तसेच आहे. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण आपण सगळे जाणतो. तांबडे फुटायचे राहत नाही हे खरे, पण झाकलेल्या कोंबडीला ते फुटल्याचे कळत नाही, हे आम्हाला यंदा कळले.

अंड्यावर असलेल्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड मिळाला तर ती सर्वांत अधिक अंडी देते, हे पुस्तकांत लिहिलेले असते. ही बहुतेक पुस्तके थंड देशांतली. लंडनला डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो, आणि जूनमधला साडेसोळा तासांहून मोठा असतो. तिथली कोंबडी हिवाळ्यात अंडी देणे थांबवते यात नवल नाही. आपले बेळगाव मात्र विषुववृत्ताच्या पुष्कळ जवळ आहे. आपल्याकडे सर्वांत लहान दिवस सव्वाअकरा तासांच्या आतबाहेर आणि सर्वांत मोठा तेरा तासांचा. दोहोंत दोन तासांचाही फरक नाही. मग आपल्या कोंबड्यांनी लंडनच्या कोंबड्यांसारखे का वागावे?

हा प्रश्न आम्ही फळ्यावर लिहिला. उत्तर आठवीतल्या एका मुलीने दिले. परसबागेच्या वहीत आम्ही अंड्यांची संख्या, खाद्य आणि खुराडे उघडण्या-मिटण्याची वेळ लिहितो. ती म्हणाली, “सर, दिवस सव्वाअकरा तासांचा बाहेर आहे. खुराड्यात कुठे आहे?”

वही उघडली आणि आम्ही गप्प झालो. आपले खुराडे तीन बाजूंनी विटांचे आहे. समोर पूर्वी जाळी होती. दोन पावसाळ्यांपूर्वी मुंगसाने ती उचकटून दोन कोंबड्या नेल्या, तेव्हा आम्ही जाळी काढून पत्र्याचे दार बसवले आणि वरच्या फटीला गोणपाट लावले. शिपाईमामा साडेनऊला येतात. सगळ्या वर्गांची कुलपे काढून ते पावणेदहाला खुराडे उघडतात आणि घरी जाण्यापूर्वी साडेपाचला बंद करतात. म्हणजे उजेड पावणेआठ तास. रविवारी पहारेकरी अकराला उघडतात आणि पाचला मिटतात, म्हणजे सहा तास. दसऱ्याच्या सुट्टीत रोजच रविवार होता. यात शिपाईमामांचा किंवा पहारेकऱ्यांचा काडीचाही दोष नाही. दार आम्ही लावले आणि वेळापत्रकही आम्हीच आखले. बाहेर बेळगावचे लख्ख ऊन असताना चौदा कोंबड्यांना आम्ही लंडनच्या डिसेंबरात कोंडून ठेवले होते.

खात्री करून घ्यावी म्हणून नववीचा एक मुलगा सकाळी आठ वाजता दार लावून आत बसला. कोंबड्यांना पुरेसा उजेड किती, याची एक सोपी कसोटी आहे: त्या उजेडात वर्तमानपत्र वाचता आले पाहिजे. त्याला मोठा मथळाही लागला नाही. त्याच वेळी बाहेर सूर्य वर येऊन तास उलटला होता.

जुन्या पाच कोंबड्यांनी दसऱ्याच्या सुमारासच अंडी का थांबवली, याचाही उलगडा येथे होतो. वर्षभर अंडी दिल्यावर कोंबडी एकदा पिसे टाकते. जुनी पिसे झडून नवी येईपर्यंत, दीड-दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ, ती अंडी देत नाही. पिसे बहुतांशी प्रथिनांची असतात आणि अंड्यालाही प्रथिने लागतात. दोन्ही कामे एकदम झेपत नाहीत. उजेड एकाएकी कमी झाला की पिसे टाकण्याची ही वेळ लवकर येते. आमच्या पाच जणी सुट्टीत पावणेआठ तासांवरून सहा तासांवर आल्या आणि महिन्याभरात खुराड्यात पिसांचा खच पडला. सभेत काही पालकांना त्या रोगट वाटल्या, कारण मान उघडी पडलेली कोंबडी खरोखरच केविलवाणी दिसते. त्या आजारी नाहीत. त्यांची नवी पिसे आता भरत आली आहेत. नेमक्या या वेळी त्या विकणे म्हणजे खर्च आपण करून पीक दुसऱ्याला देणे होय. अर्थात विकणे या शब्दाचा अर्थ मुलांना कळतो. बाजारात गेलेली अंड्याची कोंबडी अंगणात फिरायला जात नाही.

मग दिवे लावले तर काय बिघडले? पावणेआठ तासांचे सोळा होतील, अंडी येतील, वह्या येतील. हा मार्ग आम्हालाही आकर्षक वाटला असता, जर एकदा हात पोळले नसते तर. कोंबड्यांची पहिली तुकडी आणली तेव्हा पिल्लांना ऊब देणारा दिवा आम्ही पिल्ले मोठी झाल्यावरही काढला नाही. मांजर येऊ नये म्हणून तो रात्रभर जळत असे. एका तलंगेने साडेचार महिन्यांतच अंडे दिले. आम्ही शिक्षक-खोलीत पेढे वाटले. अंडे सुपारीपेक्षा थोडे मोठे होते, त्याचेही कौतुक झाले. मग आणखी दोघी सुरू झाल्या. तिसऱ्या आठवड्यात पहिलीच्या अंडनलिकेचा भाग अंड्याबरोबर बाहेर आला. तो लाल भाग पाहून बाकीच्या कोंबड्यांनी त्याला टोचा मारल्या. सोमवारी सकाळी पाचवीच्या मुलांनी खुराडे उघडले, तेव्हा ती मेलेली होती. पशुवैद्यांनी नंतर समजावून सांगितले की तिच्या मेंदूला उजेडाने ‘वेळ झाली’ असे सांगितले होते, पण शरीराची वाढ तोवर झालेली नव्हती. उजेड कोंबडीला वेळ सांगू शकतो, हाडे देऊ शकत नाही. पेढे वाटणारे आम्हीच होतो, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून पोल्ट्रीवाल्यांचा एक नियम आम्ही खुराड्याच्या भिंतीवर लिहून ठेवणार आहोत: वाढत्या तलंगेचा उजेड वाढवू नये आणि अंड्यावरच्या कोंबडीचा उजेड घटवू नये. गंमत म्हणजे आम्ही या नियमाची दोन्ही टोके मोडून पाहिली आहेत. पहिल्या तुकडीत पहिले आणि यंदा दुसरे.

हॅलोजनला आमचा विरोध आणखी दोन कारणांसाठी आहे. एक म्हणजे त्याची गरज नाही. वर्तमानपत्र वाचता येईल एवढ्या उजेडाला लहानसा पिवळसर एलईडी दिवा पुरतो. डोळे दिपवणाऱ्या प्रकाशात कोंबड्या अस्वस्थ होतात आणि एकमेकींची पिसे उपटू लागतात. शिवाय तापलेला हॅलोजन, भाताचे तूस आणि वायर कुरतडणारे उंदीर एका खोलीत असू नयेत, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. दुसरे कारण विजेचे. दिवा लावायचा तर तो रोज, त्याच वेळी, सुट्टीतसुद्धा लागला पाहिजे. आठ दिवस लागला आणि चार दिवस वीज नाही म्हणून गेला, तर अंड्यावरच्या कोंबड्या पुन्हा पिसे टाकतील. ज्या शाळेत रविवारी दार उघडायला अकरा वाजतात, तिने दिव्याचे व्रत घेण्यापूर्वी विचार करावा.

दिवा कधीच नको, असे आमचे म्हणणे नाही. पुढच्या हिवाळ्यात या सगळ्या कोंबड्या पूर्ण वाढलेल्या असतील. तेव्हा विश्वस्त मंडळाला हवे असेल तर आम्ही स्वतः दिवा मागू. पण तो लहान असावा, आपोआप चालू-बंद होणाऱ्या घड्याळावर असावा आणि वायर नळीतून नेलेली असावी. तो संध्याकाळी नव्हे, पहाटे लागावा. संध्याकाळी दिवा एकदम विझला तर कोंबड्या अंधारात जिथल्या तिथे अडकतात, दांडीवर चढून बसता येत नाही. पहाटेचा दिवा मात्र उजाडण्यात मिसळून जातो. तोही एकदम तीन तास लावू नये. आठवड्याला अर्धा तास या हिशेबाने वाढवत न्यावा. दिवे देऊ करणाऱ्या पालकांना आमची नम्र विनंती आहे की त्यांनी यंदा दोन हॅलोजनऐवजी पुढच्या वर्षासाठी असे एक घड्याळ द्यावे. आम्ही त्यांचे आभार याच पानावर मानू.

उजेडाचा एवढा विचार झाल्यावर एक गोष्ट विसरून चालणार नाही. सगळ्याच गोष्टी उजेडाने होत नाहीत. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. ते नुसत्या मक्याच्या दाण्यांतून आणि कणीतून मिळत नाही. म्हणून पहिले अंडे दिसताच तलंगांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य सुरू करायचे आहे आणि संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा आहे, कारण कवच मुख्यतः रात्री चढते. हेच खाद्य लहान पिल्लांना घातले तर मात्र जास्तीच्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात, हेही मुलांनी लक्षात ठेवावे. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. एक दिवस भांडे कोरडे राहिले तर अंड्यांचा हिशेब कित्येक दिवस चुकतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर सावली आणि गार पाणी यांचे महत्त्व उजेडाहून अधिक.

काही घरांतून आम्हाला असेही विचारले गेले की मराठी शाळेने कोंबड्या पाळाव्यातच का. आपल्याकडे अंडे न खाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या भावनेचा आम्हाला पूर्ण आदर आहे. कोणत्याही मुलाला अंडे खायला सांगितले जात नाही, जाणार नाही. राज्यातील सरकारी व अनुदानित शाळांच्या माध्यान्ह आहारातही २०२२ पासून अंडे आले, तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा चिक्की ठेवलीच होती. आपल्या अंगणात कोंबडा नाही, कारण त्याच्या पहाटेच्या आरवण्याची शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडे देते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. हे वाक्य ऐकून दरवर्षी अर्धा वर्ग चकित होतो. एवढ्या एका गोष्टीसाठीही ही परसबाग ठेवावी असे आम्हाला वाटते. वही लिहिणे, वेळ पाळणे, आणि आपली चूक आपल्याच वहीत सापडणे, हे कुठल्या गाइडात मिळणार?

आता आमची मागणी. पत्र्याचे दार काढून तेथे लोखंडी चौकटीत अर्ध्या इंचाची जाड वेल्ड केलेली जाळी बसवावी, म्हणजे मुंगसाला शिरता येणार नाही आणि सूर्याला येईल. आतल्या तीन भिंतींना चुना मारावा, म्हणजे आलेला उजेड आत खेळेल. चुना मारायला मुले तयार आहेत. पावसाळ्यासाठी वर गुंडाळून ठेवता येणारा ताडपत्रीचा पडदा लावावा. खाद्य आणि पाण्याची भांडी संध्याकाळीच भरून आत टांगून ठेवू, म्हणजे कोंबड्या तांबडे फुटताच उठून आपापल्या कामाला लागतील. दार पावणेदहाला उघडले काय किंवा रविवारी अकराला उघडले काय, त्यांचा दिवस सूर्याबरोबर सुरू झालेला असेल. कोणाच्या कामाच्या वेळा बदलाव्या लागणार नाहीत. खर्च म्हणाल तर तो एका दाराचा.

वाढवलेला उजेड तलंगांना बाधेल का, असे कोणी विचारील. आम्हीही पशुवैद्यांना विचारले. सहा महिने पूर्ण झालेल्या, अंग भरलेल्या तलंगांना सव्वाअकरा तासांचा दिवस हा घाई नव्हे, तो त्यांचा हक्काचा दिवस आहे. त्यातून संक्रांत झाली आहे आणि दिवस तिळातिळाने वाढू लागला आहे. मार्चपर्यंत तो बारा तासांवर जाईल. यापरता चांगला मुहूर्त नाही.

आणि तरीही अंडी आली नाहीत तर? हा प्रश्न विचारण्याचा विश्वस्तांना अधिकार आहे. दार बसल्यापासून दहा आठवड्यांचा हिशेब आम्ही वहीत ठेवू आणि तो सूचनाफलकावर लावू. किती खाद्य गेले, किती अंडी आली, किती पैसे जमले, सगळे लिहू. आकडे आमच्याविरुद्ध गेले तर कोंबड्या ठेवण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही, आणि त्या कोणाच्या अंगणात नांदतील एवढेच पाहू. परंतु ज्या कोंबड्यांना आम्ही चार महिने अंधारात ठेवले, त्यांच्यावर अंधारातल्या हिशेबाने निकाल देऊ नये, एवढीच विनंती.

फेब्रुवारीच्या सभेला येताना पालकांनी पाच मिनिटे आधी यावे आणि मागच्या अंगणात डोकवावे. दार लावून आत बसायची सोय आहे. वर्तमानपत्र आम्ही देऊ.